नळी निवेपर्यंत

पहिल्याच सकाळी त्या माणसाने माझ्या तव्यावर हात धरला. तळवा नाही, पालथा हात. तव्यापासून चार बोटं वर, अगदी वैद्य नाडी बघतो तशा गंभीर चेहऱ्याने. मी पोळी टाकणार होते, ती लाटणं हातात घेऊन तशीच उभी.

"आजी, हा तवा आता तुमचं ऐकणार नाही," ते म्हणाले. "बंद करा. निवू द्या. मग पुढची टाका."

मी म्हटलं, "काका, मी परकरात होते तेव्हापासून पोळ्या करत्येय."

"म्हणूनच सांगतो. सवय झाली की माणूस हात लावून बघत नाही."

असे आमचे घरमालक. माझ्याहून चांगले मोठे, पण माझ्या नातीचं ऐकून मलाच आजी म्हणायचे. मीही मग सुनेचं ऐकून त्यांना काका म्हणायला लागले. दोन हजार सालानंतरची गोष्ट ही. माझा मुलगा पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीवर सिंगापूरला आला, मागून सून, नात, आणि हे गेल्यावर एकटी काय करायची म्हणून मी. पासिर रिसला काकांच्या फ्लॅटमधल्या दोन खोल्या आम्हाला, एक त्यांची, स्वयंपाकघर सगळ्यांचं. काका मूळचे सोलापूरकडचे. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत हिशेबनीस म्हणून सगळी नोकरी झाली, केव्हाच इथले नागरिक झालेले. बायको आम्ही येण्याआधी वारली होती. मूल नाही. आणि छंद म्हणाल तर बंदूक.

हे मला कळलं तेव्हा मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, बंदूक ठेवतो हा माणूस घरात?" मुलगा हसला. "आई, हे सिंगापूर आहे. इथे घरात बंदूक ठेवली तर माणूसच घरात राहत नाही." बंदूक क्लबच्या कुलपात. जाऊन सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची. घरात होती ती फक्त एक कॅनव्हासची पिशवी. त्यात एक जाड कातडी पट्टा, एक कोरडं फडकं आणि एक घडीचं स्टूल.

तेव्हा सिंगापुरात कावळे फार झाले होते. झाडाखालून जाणाऱ्या माणसांच्या डोक्यावर झडप घालायचे, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर ताटातलं उचलायचे. म्हणून सरकारी खात्याची माणसं संध्याकाळी एखादी वस्ती निवडायची, लिफ्टमध्ये सूचना लावायची, रस्त्याला पट्टी बांधायची आणि क्लबमधले नेमबाज येऊन छऱ्याच्या बंदुकीने कावळे पाडायचे. पैसे नाहीत, काही नाही, सेवा म्हणून. काका त्यातले.

आता गंमत ऐका. कावळा माणूस ओळखतो. काका सकाळी फिरायला ब्लॉकखाली उतरले रे उतरले, की झाडावर एकच कल्लोळ. काव काव काव, या झाडावरून त्या झाडावर, थेट बसस्टॉपपर्यंत त्यांची वरात. परत येताना तसंच. मी त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची. शेजारची मलाय बाई मला म्हणायची, "युवर अंकल कमिंग," आणि दोघी हसायचो. काका मात्र कधी मान वर करून बघायचे नाहीत. छत्री काखेत, पाठ ताठ, चालीत फरक नाही. "त्यांचं बरोबर आहे," एवढंच म्हणायचे.

सगळ्या गोष्टींना त्यांचा एकच इलाज. नळी निवू द्या. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, भरून आली तर चढायचे नाहीत, पुढची येते म्हणायचे. नात अभ्यासावरून रडायला लागली की तिची वही मिटून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचे. "आजी, ही इज सो वियर्ड, लाह," ती मला इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडून म्हणायची, पण थोड्या वेळाने आपण होऊन वही उघडायची. इथल्या मराठी मंडळाच्या सभेत गणपतीच्या मखरावरून बाचाबाची झाली, आवाज चढले, तर काका उठून बाहेर जाऊन उभे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला बाथरूमला लागली. परत आत आले आणि पाय दारात ठेवूनच विचारलं, "झाली का गार?" सभा आणखीच तापली ते सोडा.

मी एकदा विचारलंच, बंदुकीला एवढं गार ठेवण्यासारखं काय असतं? त्यांना तेवढंच हवं होतं. माझी झाऱ्याची दांडी बंदुकीसारखी धरून दाखवायला लागले. लागोपाठ बार काढले, की नळी तापते. तापली की तिच्यावरची हवा हलायला लागते, उन्हातल्या डांबरी रस्त्यावर हलते ना, तशी. त्या हलत्या हवेतून बघितलं तर कावळा आहे त्या जागी दिसत नाही. आणि डावा हात नळीजवळ असतो, तो भाजतो. "हात भाजायला लागला, की माणूस पक्ष्याकडे बघत नाही. स्वतःच्या बोटांकडे बघतो. लवकर उडवून मोकळं व्हावं वाटतं. तिथे घात."

"मग पाणी ओतावं की वरून."

"तापल्या तव्यावर ओतता का तुम्ही? वाकेल तो." अस्से रागावले. मग सांगितलं, काडतूस काढून घ्यायचं, तापल्या नळीत काडतूस ठेवायचं नाही. बंदूक मधल्या बिजागरीवर मोडायची, म्हणजे नळी मागून उघडी पडते, आणि तोंड वर करून सावलीत उभी करायची. खालून वारा शिरतो, वरून धुराड्यासारखी ऊब निघून जाते. आपण स्टुलावर बसायचं, हात मोकळे मांडीवर ठेवायचे. मग पालथा हात लावून बघायचा. मागे घ्यावासा वाटला, तर अजून बसायचं.

"आणि तोवर कावळे उडून गेले तर?"

"गेले तर गेले."

त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर एक जुना, चकचकीत डाग होता. भाजल्याचा. तो कशाचा, हे मला कळलं ते अविधवा नवमीला.

पितृपंधरवडा आला, तसे काका स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आजी, नवमीचं पान करून द्याल? तिचं." मी म्हटलं, विचारता काय. लिटिल इंडियात जाऊन केळीचं पान आणलं, अळू आणलं. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं साग्रसंगीत केलं. दुपारी आम्ही दोघं पासिर रिसच्या किनाऱ्यावर. काकांनी वाळूवर आधी वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर पान. इथे खरकटं टाकलं तर दंड, म्हणून कण खाली पडता कामा नये, आणि नंतर सगळं गोळा करून परत न्यायचं. मग समोर उभे राहून पानाला म्हणाले, अगदी कचेरीत साहेबाला सांगावं तसं, "यंदाही तापल्या नळीने एकही नाही."

आणि आम्ही वाट बघत बसलो.

साळुंक्या आल्या. इथल्या साळुंक्या म्हणजे निर्लज्ज जात. काका छत्रीने त्यांना हाकलायचे. कावळे सुरूच्या झाडांवर होते, बरेच होते, पण वरून नुसते ओरडत होते. छत्री बघून आणखी लांब गेले.

"अहो, छत्री खाली ठेवा. तुम्हाला ओळखतात ते. तुम्ही त्या बाकामागे जाऊन बसा, मी थांबते पानाजवळ."

"लपून? बायकोच्या पानाला मी लपून बसू?"

ऊन कललं. भात वाळला. तेव्हा बोलले. सुरुवातीला काका इतरांसारखेच धडाधड बार काढायचे. एकदा आपल्याच ब्लॉकखाली नळी इतकी तापली, की बोटं चिकटली. बोटं सोडवायच्या घाईत त्यांनी चाप ओढला. कावळा मेला नाही. पंख मोडून नाल्यापलीकडच्या झुडपात पडला. शोधला, सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो ओरडत होता आणि त्याच्याभोवती बाकीचे. बायकोने खिडकी लावून घेतली नाही. ऐकत बसली. मग म्हणाली, "मारायचाच तर नीट मारा. नाहीतर ठेवून द्या ती बंदूक." त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. आणि मग तिचं दुखणंच निघालं, तिला फार वेळ मिळाला नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून लावला आणि उरकलं.

"ती रागातच गेली, आजी," काका म्हणाले. "दर्भाचं काय, दर्भाला राग असतो? खरा कावळा शिवला पाहिजे."

मी आपलं जे कुणीही सांगेल ते सांगितलं. म्हटलं, "मग बोला ना तिला, बंदूक सोडतो म्हणून. इच्छा राहिली असेल ती पुरी करीन म्हटलं, की शिवतो कावळा. आमच्याकडे किती वेळा बघितलंय."

"सोडणार नाहीये, तर कसं बोलू? तिने दोन रस्ते दिले होते. मी पहिला घेतला. मी सोडलं म्हणून कावळे वाचत नाहीत, आजी. माझ्या जागी घाईवाला येईल आणि झुडपात ओरडत पडणारे वाढतील." पान गोळा करायला लागले. "आणि खोटं बोलून कावळा बोलवायचा नाही."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. कावळा जेवला नाही तर मी नाही, असं त्यांचं. मी दाराशी ताट नेलं, परत आणलं. दरवर्षी तेच. दरवर्षी तेच पान, तेच वाक्य, वर बसलेले कावळे आणि उपाशी काका. मंडळात लोक मागे हसायचे. कावळे मारून कावळ्याला जेवायला बोलावतो म्हणून. एकाने तोंडावर म्हटलं, तर काका म्हणाले, "तुम्हाला सोपं काम हवंय का? मला नकोय."

मग एका वर्षी आमच्याच ब्लॉकखाली शिकार लागली. पितृपंधरवड्यातच. नवमी अगदी तोंडावर.

मी आणि नात कॉरिडॉरच्या कठड्याशी उभ्या राहून बघत होतो. खाली कारपार्कला पट्टी बांधलेली, नेमबाज नारिंगी जाकिटात. ऊन उतरलं तसे कावळे झाडांवर परतायला लागले. मी काकांना बंदुकीसह पहिल्यांदा बघत होते. घरात धांदरट वाटणारा माणूस, चष्मा शोधणारा, पण तिथे उभा होता तो खांबासारखा. कावळा पडायचा तो वरूनच निर्जीव, दगडासारखा. एक फडफड नाही. थोडे बार झाले आणि काकांनी बंदूक मोडली, तोंड वर करून झाडाला टेकवली, स्टूल उघडलं, बसले. हात मांडीवर.

आकाश काळं होईल इतके कावळे डोक्यावर आणि हे बसलेले! माझीच घालमेल व्हायला लागली. त्यांच्या गटाचा पुढारी ओरडला, "अंकल! फास्टर लाह! लाइट गोइंग!"

"बॅरल हॉट," काका म्हणाले. "आय वेट."

"एव्हरी टाइम यू वेट!"

"एव्हरी टाइम हॉट."

शेजारचा एक तरुण नेमबाज मात्र थांबत नव्हता. बार, काडतूस, बार, काडतूस. नळीखालच्या लाकडाभोवती रुमाल गुंडाळलेला मला वरूनही दिसत होता. आणि मग एक कावळा हवेतच वाकडा झाला, एका पंखावर गिरक्या घेत नाल्यापलीकडे गेला. पडल्याचा आवाज नाही. थोड्या वेळाने झुडपातून ओरडणं.

काका उठले. हात वर केला. थांबा म्हणून कुणीही हात वर केला, की सगळ्यांनी बार थांबवायचे, हा तिथला नियम. थांबले. काकांनी आपली मोकळी बंदूक पुढाऱ्याच्या हातात दिली आणि नाल्याकडे चालायला लागले. पुढारी मागून ओरडत होता, लोक जातील शोधायला, उजेड आहे तोवर काम उरकू दे, असं दर वेळी थांबवणार असाल तर पुढच्या वेळी नाव काढून टाकीन. काका चालतच म्हणाले, "टेक आउट. फर्स्ट आय फाइंड."

मी नातीला घरात पाठवलं आणि चपला अडकवून खाली गेले. पट्टीपाशी मला अडवलं. तिथूनच दिसत होतं. सत्तरीचा माणूस गुडघ्यांवर, काटेरी झुडपांच्या कुंपणात हात घालून. कावळ्याचं ओरडणं थांबायचं, काकाही थांबायचे. पुन्हा ओरडलं, की पुन्हा पुढे. झाडांवर बाकीचे कावळे त्यांच्या नावाने शिमगा करत होते. उजेड गेला, शिकार संपली, बंदुका पेट्यांत गेल्या. काका कुंपणातच. शेवटी तो पोरगा नेमबाज टॉर्च घेऊन त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

सापडला. फडक्यात गुंडाळून घेऊन आले. हाताला ओरखडे, जाकीट फाटलेलं. खात्याच्या माणसाने पेटी पुढे केली, तो त्याला शांत मरण देणार होता.

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, आणि डोक्यात आलं की माझ्या तोंडात येतं. "काका! नवमी आलीये. याला ठेवून घ्या तोवर. पिंजऱ्यात ठेवू. पानाला चोच लावून घेऊ, कावळा तो कावळा!"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं! "आजी, कोठडीतला साक्षीदार, आणि त्याला वडा चारून साक्ष काढायची?" म्हणून कावळा पेटीत ठेवला. झाकण स्वतः हलकेच लावलं. मग त्या पोराच्या बंदुकीच्या पेटीवर बोट ठेवून म्हणाले, "नेक्स्ट टाइम, बॅक ऑफ द हँड." त्याने मान हलवली.

पुढाऱ्याने त्यांचं नाव काढलं नाही. पुढच्या वेळी तो नुसता उसासा टाकायचा, म्हणे, आणि घड्याळात बघायचा. त्या नवमीलाही कावळा शिवला नाही.

पुढे आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो, मुलाने त्याच भागात स्वतःचा फ्लॅट घेतला. काका एकटे राहिले. पण नवमीचं पान माझ्याकडेच. मग एका वर्षी पान घेऊन गेले, तर कॅनव्हासची पिशवी दाराशी रिकामी. म्हटलं, हे काय?

"बंदूक दिली परत. कायमची." डोळ्याच्या पडद्याचं काही निघालं होतं. सरळ रेघ वाकडी दिसायची. कुणाला कळलं नव्हतं, हे स्वतःच जाऊन सांगून आले. "नळी गार असून कावळा हलायला लागला, आजी. मग काय थांबून उपयोग?"

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, मनात आनंद मावेना. म्हटलं, आता तर झालंच! आता खोटं बोलायचा प्रश्न नाही. किनाऱ्यावर पान मांडलं, छत्री मी आधीच माझ्याकडे घेऊन ठेवली होती. काका समोर उभे राहिले.

"यंदाही तापल्या नळीने एकही नाही," ते म्हणाले. थांबले. "बंदूक ठेवली. पण तुझ्यासाठी नाही. डोळ्यांसाठी. उगाच गैरसमज नको."

मी कपाळावर हात मारला. "अहो, काय माणूस आहात! शेवटचं वाक्य बोलायची काही गरज होती का?"

"होती. नाइलाजाने सोडली, त्याचं पुण्य मी का घेऊ?"

"बायको आहे ती तुमची, इन्कमटॅक्सवाली नाही! तिला काय पावती दाखवायची आहे?" मी आता थांबणार नव्हते. पानाला पाठ करून ते माझ्याशी भांडायला वळले, मीही पुढे सरसावले. "इतकी वर्षं उपाशी राहता, मी ताटं परत नेते, एकदा गोड बोलला असतात तर काय जीभ झडली असती? ती तुमच्यावर रागावली असेल तर या तुमच्या हट्टावर रागावली असेल, त्या कावळ्यावरून नाही! नीट मारा म्हणाली, तुम्ही नीट मारलेत, ती काय आंधळी आहे? कुंपणात हात घातलेत तेव्हा बघत नव्हती? आणि तुम्ही दरवर्षी येऊन..."

आणि माझं बोट आपोआप पानाकडे गेलं.

"काय झालं?" काका म्हणाले.

"गेला."

"कोण गेला?"

"वडा."

त्यांनी वळून बघितलं. पानावर खीर होती, भात होता, वड्याच्या जागी तेलाचा गोल डाग. सुरूच्या झाडात काहीतरी खसफसलं.

"साळुंकी असेल."

"साळुंकी अख्खा वडा उचलेल? कावळा होता. मान करडी, चोच ही एवढी. खाली उतरला, तुमच्या पाठीकडे बघितलं, तिरक्या दोन उड्या मारल्या आणि घेऊन गेला."

"चष्मा होता तुमच्या डोळ्यांवर?"

"आहे. हा काय."

"आजी," ते म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून सांगत असाल तर आत्ताच सांगा."

"काका, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर कधी काही बोलल्येय?"

त्यांनी खरोखर विचार केला. डोळे बारीक करून, सगळी वर्षं आठवून. "नाही," म्हणाले.

मग ते हळूहळू वाळूत गुडघ्यांवर बसले. डावा हात पुढे केला, तो भाजलेल्या बोटांचा, आणि पालथा करून पानावरच्या त्या रिकाम्या जागेवर टेकवला. तसाच ठेवला. मी वाट बघत होते, आता मागे घेतील, आता घेतील. मागे घेतला नाही.

समुद्रावरून वारा येत होता. झाडावर एकच कावळा ओरडला, तेव्हा या माणसाला मी हातात बंदूक नसताना पहिल्यांदा मान वर करून बघताना पाहिलं.

"आजी," ते हात न उचलता म्हणाले, "डबा आणलाय ना माझा? वाढा. फार भूक लागलीय."